किल्ली हरवली की संदेशही गेले : एन्क्रिप्शनच्या फाइलींविषयी वाचकांचे प्रश्न

एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर बंद करण्याची सोय, वापरणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. कोणी मेलसाठी वापरतं, कोणी गप्पांसाठी. तक्रार बहुतेकांची एकच आहे: सगळं नीट चाललं होतं, मग फोन किंवा लॅपटॉप बदलला आणि जुनं काहीच उघडेना. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये ओपनपीजीपी ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरून परदेशातल्या एका ग्राहकाशी एन्क्रिप्टेड मेल करतो. नवा लॅपटॉप घेतला, खातं जोडलं, सगळे मेल आले. पण एन्क्रिप्टेड मेल काही उघडत नाहीत. जुन्या लॅपटॉपवरून किल्लीची एएससी फाइल आणून आयात केली, तरी तेच. जुन्या लॅपटॉपला गिऱ्हाईक आलं आहे. काय करू?
– एक सनदी लेखापाल, सांगली

आधी गिऱ्हाइकाला थांबवा. तुमची खासगी किल्ली, म्हणजे मेल उघडणारी किल्ली, बहुधा अजून फक्त त्या जुन्या लॅपटॉपवरच आहे.

खातं जोडल्यावर सर्व्हरवरून मेल उतरतात, किल्ली उतरत नाही, कारण ती सर्व्हरवर कधी गेलेलीच नसते. तुम्ही आणलेली फाइल सार्वजनिक किल्लीची असावी. खात्री करणं सोपं आहे: ती एएससी फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली ओळ वाचा. तिथे 'बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक' असेल, तर ती लोकांना वाटायची किल्ली आहे. तिने कुलूप लागतं, उघडत नाही. तुम्हाला हवी आहे 'बिगिन पीजीपी प्रायव्हेट की ब्लॉक' असं लिहिलेली फाइल.

ती मिळवायला जुन्या लॅपटॉपवर थंडरबर्डच्या टूल्स मेनूतून 'ओपनपीजीपी की मॅनेजर' उघडा, स्वतःच्या नावाची किल्ली निवडा आणि फाइल मेनूतला 'बॅकअप सिक्रेट की' हा पर्याय घ्या. त्याच मेनूत सार्वजनिक किल्ली निर्यात करण्याचाही पर्याय असतो. घाईत तोच निवडला जातो. बॅकअप घेताना एक पासवर्ड दोनदा विचारला जाईल. हा मेल खात्याचा पासवर्ड नाही, फक्त या फाइलीचा आहे आणि तो तुम्ही नव्याने ठरवायचा आहे. ही फाइल स्वतःलाच मेल करून पाठवू नका. पेन ड्राइव्हवरून न्या.

नव्या लॅपटॉपवर अकाउंट सेटिंग्जमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' या पानावर जा, 'अ‍ॅड की' दाबा आणि आयात करायचा पर्याय निवडून ती फाइल द्या. 'ही माझी वैयक्तिक किल्ली आहे' अशा अर्थाची खूण तिथे असते, ती राहू द्या. आयात झाली म्हणजे संपलं नाही: त्याच पानावर किल्ल्यांची यादी दिसेल, त्यात आपल्या किल्लीपुढचा गोल निवडावा लागतो. तो राहिला तर जुने मेल उघडतील, पण नवे एन्क्रिप्ट करून पाठवता येणार नाहीत.

की मॅनेजरमध्ये तुमच्या नावाच्या दोन किल्ल्या दिसल्या, तर दोन्ही न्या. मुदत संपलेल्या जुन्या किल्लीचा आता काही उपयोग नाही असं वाटतं, म्हणून लोक ती काढून टाकतात. पण त्या काळात आलेले मेल पेटीत आजही त्याच किल्लीने बंद आहेत. मुदत संपलेली किल्ली जुने मेल उघडायला पूर्ण चालते.

ग्राहकाची सार्वजनिक किल्लीही वेगळी न्यावी लागेल. शिवाय 'ही किल्ली मी पडताळली आहे' हा तुमचा निर्णय किल्लीच्या फाइलीत नसतो, थंडरबर्ड तो वेगळ्या फाइलीत ठेवतं. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर ती किल्ली पुन्हा स्वीकारावी लागते. हे सगळं एकदम हलवायचं असेल तर अख्खं प्रोफाइल फोल्डर उचलता येतं. हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' पानावर त्याचा पत्ता दिसतो. नकल करण्याआधी थंडरबर्ड पूर्ण बंद करा.

मात्र एक धोका ओळखून असा. त्या फोल्डरमध्ये खासगी किल्ली असते आणि ती उघडायला थंडरबर्डने आपणहून तयार केलेला पासवर्डही तिथेच असतो. तुम्ही 'प्रायमरी पासवर्ड' लावलेला नसेल, तर ज्याच्या हाती ते फोल्डर गेलं त्याच्या हाती तुमचे मेल गेले. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली तो आजच लावा.

आता जुना लॅपटॉप. नव्यावर एक जुना आलेला आणि एक जुना पाठवलेला असे दोन्ही मेल उघडून पाहा. मगच जुना पुसायला घ्या. एसएसडीवरची, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या साठवणीवरची फाइल 'डिलीट' केल्याने तिची जागा लगेच कोरी होत नाही, आणि वरून दुसरं काही लिहिलं तरी ते त्याच जागी पडेल याचा भरवसा नसतो, कारण एसएसडी लिखाणाच्या जागा सतत बदलत असते. ती आधीपासून बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनने बंद असेल, तर विंडोज रिसेटमध्ये सगळं काढण्याचा आणि ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्याय पुरेसा आहे. नसेल, तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं पुसण्याचं साधन वापरा किंवा एसएसडी काढून ठेवून लॅपटॉप विका. तुमच्याकडे ग्राहकांचे हिशेब आहेत, तेव्हा एसएसडी काढून ठेवण्याचा मार्गच बरा.

प्रश्न : किल्लीच्या फाइलीला मी मराठीत, देवनागरीत पासवर्ड दिला. दोन शब्द, मधे अंतर. घरच्या संगणकावर उघडते, ऑफिसच्या संगणकावर 'चुकीचा पासवर्ड' येतो. मी तोच टाइप करते आहे याची शंभर टक्के खात्री आहे.
– वाचक, नाशिक

तुम्ही तेच टाइप करत असाल, पण संगणकाला तेच मिळत नसेल. पडद्यावर सारखं दिसणारं देवनागरी अक्षर आत दोन वेगळ्या रीतींनी साठू शकतं, आणि पासवर्ड तपासताना प्रोग्राम अक्षराचं रूप पाहत नाही, त्यामागचे संकेतांक पाहतो.

'तऱ्हा' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र एका कळफलकावर नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून येतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून येतो. दिसायला फरक शून्य. तसाच 'ॲ': तो एकच अक्षर म्हणून येतो, किंवा अ आणि वरचा चंद्र असा दोन तुकड्यांनी. इनस्क्रिप्ट कळफलक एक रीत वापरेल, उच्चारावर चालणारा कळफलक दुसरी, फोनचा आणखी तिसरी. तुमच्या शब्दांत असं एखादं अक्षर किंवा जोडाक्षर आहे का पाहा. असेल तर ऑफिसच्या संगणकावर घरचाच कळफलक बसवून प्रयत्न करा. बहुतेक वेळा फाइल उघडते. उघडली की पासवर्ड बदला.

आमचा स्पष्ट सल्ला आहे की शब्द मराठीच ठेवा, पण रोमन अक्षरांत, सगळी लहान. संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर मराठी कळफलक मिळत नाही, तिथेही हे चालतं. स्पेलिंगचा नियम मात्र एकदाच ठरवा: दीर्घ आ साठी 'ए' एकदा की दोनदा, च आणि छ कसे लिहायचे. नाहीतर सहा महिन्यांनी 'पाऊस' तीन प्रकारे लिहून पाहाल.

दोन शब्द फार थोडे आहेत. ओवी, अभंग, गाण्याची ओळ, म्हण यांतलं काही घेऊ नका. ओळखीची ओळ कितीही लांब असली तरी ती अंदाज करणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत असू शकते. शब्द फाशांनी निवडा. रोजच्या वापरातले २१६ शब्द एका वहीत लिहा आणि त्यांना १११ पासून ६६६ पर्यंत क्रमांक द्या, प्रत्येक अंक १ ते ६ मधलाच. तीन फासे टाका, आलेल्या क्रमांकाचा शब्द घ्या, असं आठ वेळा करा. ६ चा २४ वा घात, म्हणजे सुमारे ४७ वर १७ शून्यं इतक्या शक्यता होतात. वही कोणाच्या हाती पडली तरी हा आकडा तोच राहतो, कारण ताकद यादी लपवण्यात नाही, फाशांत आहे. आलेला एखादा शब्द आवडला नाही म्हणून फासा पुन्हा टाकू नका.

पासवर्ड बदलल्यावर आणखी एक काम उरतं. नवा पासवर्ड फक्त त्या संगणकावरच्या किल्लीला लागतो. पेन ड्राइव्हवरच्या जुन्या नकला अजून जुन्या पासवर्डनेच उघडतात. म्हणून नवा बॅकअप घ्या आणि जुन्या नकला नष्ट करा. जुना पासवर्ड कोणाला कळल्याची शंका असेल, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. नवी किल्ली तयार करावी लागते.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपला मुलाने ६४ अंकी किल्ली लावून दिली. मी ती डायरीत लिहून ठेवली होती. आता फोन बदलायचा आहे आणि डायरीतले अंक टाकून पाहिले तर चूक दाखवतो. जुना फोन चालू आहे. दहा वर्षांचे निरोप आणि नातवंडांचे फोटो आहेत हो त्यात.
– एक आजी, ठाणे

आजी, जुना फोन चालू आहे ना, मग काही गेलेलं नाही. फक्त त्यातलं व्हॉट्सअ‍ॅप काढू नका आणि नव्या फोनवर नंबर टाकण्याची घाई करू नका.

डायरीतल्या किल्लीत नेमकं काय चुकतं ते आधी पाहू. या किल्लीत ० ते ९ हे अंक आणि इंग्रजीतली ए ते एफ ही सहाच अक्षरं येतात. त्यामुळे गोल दिसेल ते शून्यच, इंग्रजी 'ओ' कधीच नाही. उभी रेघ दिसेल तो एक हा आकडाच. खरी फसगत दुसरीकडे होते. मराठीत लिहायची सवय असली की हात नकळत मराठी आकडे काढतो. आपला ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नवासारखा. तुमच्या वहीत जिथे आठ किंवा नऊ आहे, तिथे तो मुळात चार किंवा एक होता का, ते मुलासोबत बसून पाहा. पण अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकत बसू नका.

त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' असं जा. फोनच्या कुलपाचा पिन किंवा बोटाचा ठसा मागेल. तिथून ही सोय बंद करून पुन्हा चालू करता येते आणि नवी किल्ली मिळते. ६४ अंकांऐवजी पासवर्डही निवडता येतो. तुमच्यासाठी तोच बरा. मग 'बॅकअप' दाबा, पूर्ण होऊ द्या आणि वर आजची तारीख-वेळ दिसते का पाहा. जुना बॅकअप जुन्याच किल्लीचा असतो, म्हणून हा नवा बॅकअप झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन्ही फोन अँड्रॉइड असतील, किंवा दोन्ही आयफोन, तर बॅकअपला हातही न लावता काम होतं. २०२३ पासून चॅट्समध्ये 'ट्रान्सफर चॅट्स' आहे. फोन शेजारी ठेवायचे, नव्यावरचा क्यूआर कोड जुन्याने टिपायचा, आणि निरोप व फोटो थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातात.

तुमच्या मुलासाठी दोन गोष्टी. अँड्रॉइडच्या फाइल मॅनेजरमधून डेटाबेस फोल्डरमधली 'क्रिप्ट१५' ही बॅकअपची फाइल उचलून नव्या फोनवर ठेवली म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही; ती फाइलही बंदच असते आणि किल्लीशिवाय निरुपयोगी. दुसरं, आयफोनवर संपूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप त्या बॅकअपमध्ये एन्क्रिप्ट न होता जातात. म्हणजे इकडे ६४ अंकांचं कुलूप आणि तिकडे तोच मजकूर मोकळा. फोनच्या आयक्लाउड बॅकअपमधून व्हॉट्सअ‍ॅप वगळा.

प्रश्न : सिग्नल या संदेशांच्या अ‍ॅपचा पिन मला पाठ आहे. नव्या फोनवर तो टाकला, नाव-फोटो आले, पण संदेश नाहीत.
– वाचक, पुणे

पिनने प्रोफाइल, सेटिंग्ज आणि संपर्क परत येतात, संदेश नाही. अँड्रॉइडवर फोनमध्येच ठेवलेल्या बॅकअप फाइलीला ३० अंकांचा वेगळा सांकेतिक क्रमांक असतो. २०२५ मध्ये आलेल्या सर्व्हरवरच्या बॅकअपला ६४ अक्षरांची पुनर्प्राप्ती किल्ली असते. या तिन्हींपैकी एकाची जागा दुसरा घेत नाही. जुना फोन हाती असेल तर त्यावरून नव्याने बॅकअप घ्या आणि ती फाइल फोनमध्येच न ठेवता संगणकावर काढा. फोन पाण्यात पडला तर फोनमधला बॅकअपही त्याच्याबरोबर जातो.

प्रश्न : आमचा अभ्यासगट एलिमेंट या गप्पांच्या अ‍ॅपवर आहे. मी ब्राउझरमधून वापरतो. ब्राउझरच्या कुकीज साफ केल्या आणि पुन्हा आत गेलो, तर जुन्या प्रत्येक संदेशाच्या जागी 'उघडता येत नाही' असं लिहून येतं.
– विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

एलिमेंट ज्या मॅट्रिक्स पद्धतीवर चालतं, तिच्यात संदेश सर्व्हरवर बंद अवस्थेत असतात आणि ते उघडण्याच्या किल्ल्या तुमच्या ब्राउझरच्या साठ्यात. ही एक किल्ली नसते. प्रत्येक गटासाठी बऱ्याच असतात आणि काही काळाने बदलत राहतात. कुकीजबरोबर 'साइट डेटा'ही साफ झाला, त्यात त्या गेल्या.

फोनवर तुम्ही अजून आत असाल, तर तिथून बाहेर पडू नका. ब्राउझरमधल्या नव्या प्रवेशाला फोनवरून मान्यता द्या. दोन्हीकडे दिसणारी चित्रं जुळवून पाहायची असतात. किल्ल्या मग येऊ लागतात. फोन नसेल आणि खातं उघडताना मिळालेली पुनर्प्राप्ती किल्ली जपली असेल, तर ती टाका. ती ४८ अक्षरांची, चार-चारच्या गटांत असते आणि तिच्यात लहान-मोठी लिपी वेगळी मानली जाते. तिच्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल ही अक्षरं नसतातच, तेव्हा त्यांपैकी काही वाचलं जात असेल तर वाचनात चूक आहे. दोन्हीपैकी काही नसेल, तर ते संदेश तुमच्यापुरते गेले. सर्व्हर चालवणाऱ्यालाही ते उघडता येत नाहीत, त्याला दोष देऊ नका. गटातल्या कोणाकडून तरी महत्त्वाचा मजकूर पुन्हा मागवा.

पुढे कधी साफसफाई करायच्या आधी सेटिंग्जमधून गटांच्या किल्ल्या निर्यात करा. तयार होणारी मजकूर-फाइल तुम्ही दिलेल्या पासवर्डने बंद असते. पण ती त्या दिवसापर्यंतचीच. नंतरच्या संदेशांच्या किल्ल्या तिच्यात नसतात.

प्रश्न : मी क्लिओपात्रा हा किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम वापरतो. एका सहकाऱ्याचं म्हणणं की माझ्या किल्लीची मुदत संपली आहे, तो मला काही पाठवू शकत नाही. नवी किल्ली करावी का? आणि लॅपटॉप चोरीला गेला तर काय?
– वाचक, फोंडा, गोवा

नवी करायची गरज नाही. खासगी किल्ली तुमच्याकडे असेपर्यंत संपलेली मुदतही वाढवता येते. किल्लीच्या तपशिलांत वैधतेची तारीख बदला. दोन-तीन वर्षं योग्य. 'कधीच संपत नाही' असं ठेवू नका, कारण पासवर्ड विसरलात तर निदान मुदत तरी ती किल्ली बाद करील. तारीख बदलल्यावर सार्वजनिक किल्ली पुन्हा निर्यात करून सहकाऱ्याला पाठवा. हेच लोक विसरतात: तारीख तुमच्या संगणकावर बदलते, त्याच्याकडची नकल जुनीच राहते. किल्ली कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग या सार्वजनिक किल्ल्यांच्या सर्व्हरवर चढवलेली असेल तर तिथेही पुन्हा चढवा. ठसा, म्हणजे ४० अक्षरांची ओळख, तीच राहते. सहकाऱ्याने ती जुळवून घ्यावी, आणि तीही सगळी. शेवटची आठच अक्षरं जुळवू नयेत, कारण शेवट सारखा असणाऱ्या खोट्या किल्ल्या मुद्दाम बनवता येतात.

चोरीसाठी रद्दपत्र, म्हणजे किल्ली बाद झाल्याचं सांगणारी फाइल, लागतं. क्लिओपात्रामागे चालणारा ग्नूपीजी हा प्रोग्राम किल्ली तयार करतानाच ते बनवतो आणि आपल्या फोल्डरमधल्या 'ओपनपीजीपी-रिव्होक्स डॉट डी' नावाच्या पोटफोल्डरमध्ये ठेवतो. अडचण उघड आहे: लॅपटॉप गेला की तेही गेलं. म्हणून आजच ते बाहेर काढा. त्या फाइलीत डॅशच्या ओळीआधी मुद्दाम एक अपूर्णविराम टाकलेला असतो, चुकून आयात होऊ नये म्हणून. वापरायची वेळ आली की नोटपॅडमध्ये तो खोडायचा, फाइल आयात करायची आणि रद्द झालेली सार्वजनिक किल्ली सगळ्यांना पाठवायची. या पत्राला पासवर्ड नसतो. ज्याला मिळेल तो तुमची किल्ली रद्द करू शकतो, पण तुमचे संदेश वाचू शकत नाही.

प्रश्न : मग हे सगळं ठेवायचं कुठे? गूगल ड्राइव्ह चालेल?
– वाचक, कोल्हापूर

खासगी किल्लीची फाइल फक्त काही किलोबाइटची असते. दोन पेन ड्राइव्ह घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक घरी, एक घराबाहेर. बँकेचा लॉकर किंवा भरवशाच्या नातेवाइकाचं कपाट. पासवर्डचा कागद फाइलीसोबत ठेवायचा नाही. फाइल लॉकरमध्ये असेल तर कागद घरी. रद्दपत्राची छापील प्रत तिसऱ्या जागी चालेल.

गूगल ड्राइव्हवर ठेवायची असेल तर फाशांनी निवडलेल्या आठ शब्दांचा पासवर्ड लावलेलीच फाइल ठेवा, आणि तरीही आम्ही ते टाळा असंच म्हणू. तिथली फाइल कोणी उतरवून घेतली तर तुम्हाला कळणार नाही, आणि त्याला पासवर्डवर लागेल तितका वेळ प्रयत्न करता येतील. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप-पासवर्ड ठरावीक चुकांनंतर कायमचा बंद होतो. तुमच्या फाइलीवर असं बंधन घालणारं कोणी नाही.

पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो आणि मजकूर खराब होऊ शकतो. वर्षातून एकदा तो लावा, पण फाइल दिसते एवढ्यावर समाधान मानू नका. संगणकावर वेगळं वापरकर्ता खातं उघडा, तिथे किल्ली आयात करा, पासवर्ड टाका आणि एक जुना संदेश प्रत्यक्ष उघडा. उघडला की ते खातं त्याच्या फाइलींसह काढून टाका. फाइल वाचताना चूक आली, तर दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून त्याच दिवशी नवी नकल करा.